घटक ५ : शास्त्रीय विधानाची मराठी – एका मोठ्या मूळ संख्येच्या आधारे

५.१ प्रास्ताविक

मराठीत शास्त्र लिहिता येते का, हा वाद जुना आहे आणि तो बहुधा संज्ञांभोवतीच फिरत राहिला आहे. अमुक शब्दाला मराठी प्रतिशब्द कोणता, तो संस्कृतातून घडवावा की बोलीतून उचलावा, की परकी शब्दच ठेवावा, यावर पुष्कळ लिहिले गेले. मागील घटकात आपणही परिभाषेचा विचार याच अंगाने केला. परंतु शास्त्रीय विधान केवळ नामांवर उभे राहत नाही. 'च', 'ही', 'तर', 'तरच', 'एकही' असे शब्द त्याचा खरा भार वाहतात, आणि ते चुकले तर उत्तम परिभाषा असूनही विधान खोटे पडते. शब्दकोशात या शब्दांना जेमतेम दोन ओळी मिळतात. आपल्या विद्यापीठीय अभ्यासातही त्यांची उपेक्षाच होते, असे माझे मत आहे.

या घटकात आपण एकच उदाहरण घेऊन हा भार कसा वाहिला जातो ते पाहणार आहोत. ते उदाहरण म्हणजे पुढील संख्या :

२,१४,७४,८३,६४७

ही मूळ संख्या आहे. ती मूळ आहे असे कोणी म्हटले, कोणी सिद्ध केले आणि तिचा उपयोग काय, याचा इतिहास उपलब्ध आहे; त्या इतिहासात केवळ म्हणणे आणि सिद्ध करणे यांतील अंतर स्पष्ट दिसते. गणित सोडून अनेक वर्षे झालेल्या विद्यार्थ्यांनी आकडे पाहून पान उलटू नये. येथे भागाकारापलीकडचे काहीही लागणार नाही. मात्र कागद-पेन्सिल जवळ असावी.

५.२ संख्येचे वाचन आणि घडण

प्रथम ही संख्या मोठ्याने वाचा : दोन अब्ज चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस. अंकांत आधी चार आणि मग सात लिहितो, पण उच्चारात 'सत्ते' आधी येते आणि 'चाळीस' नंतर. मराठी संख्यावाचकांची ही उलटी चाल लहान मुलांना अवघड जाते, म्हणून २०१९ साली इयत्ता दुसरीच्या पाठ्यपुस्तकात 'चाळीस सात' अशा वाचनाचा पर्याय आला आणि त्यावर मोठा वाद झाला. तो वाद आपला विषय नाही. एवढेच लक्षात घ्या की संख्या आणि तिचे नाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मूळपणा हा संख्येचा गुण आहे, नावाचा नव्हे.

आता घडण पाहू. २ हा अंक ३१ वेळा घेऊन गुणाकार केला तर २,१४,७४,८३,६४८ मिळतात. म्हणजे आपली संख्या २ चा ३१ वा घात वजा १ अशी आहे. या रूपाच्या संख्या आपण सोयीसाठी म(३१), म(५), म(११) अशा लिहू. कंसातील अंक म्हणजे घातांक. म(३) म्हणजे २ चा ३ रा घात वजा १, अर्थात ७. म(५) म्हणजे ३१. संगणकाच्या द्विमान पद्धतीत, जेथे फक्त ० आणि १ हे अंक असतात, म(३१) ही संख्या एकापुढे एक असे ३१ एक लिहून दाखवतात.

यामुळेच ही संख्या आपल्याला नकळत परिचित असते. ३२ स्थानांच्या साठवणीत एक स्थान ऋण-धन चिन्हाकडे गेले की उरलेल्या ३१ स्थानांत मावणारी सर्वांत मोठी संख्या हीच. अनेक जुन्या संगणकप्रणाली १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद अशा साठवणीत मोजतात. ती मोजणी भारतीय वेळेनुसार १९ जानेवारी २०३८ रोजी सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी भरेल, आणि तोवर न सुधारलेल्या प्रणाली पुढच्या सेकंदाला चुकतील. लेखांतून ही गोष्ट 'मूळ संख्येचा चमत्कार' म्हणून सांगितली जाते ती मात्र चूक आहे. हा तिच्या आकारमानाचा परिणाम आहे. ती मूळ नसती तरी हेच घडले असते.

५.३ व्याख्येतील 'च'

शालेय पुस्तकातील व्याख्या आठवा : ज्या संख्येला १ आणि ती संख्या असे दोनच विभाजक असतात तिला मूळ संख्या म्हणतात.

यातील 'च' काढून वाचा. 'ज्या संख्येला १ आणि ती संख्या असे दोन विभाजक असतात.' आता १२ लाही १ आणि १२ असे दोन विभाजक आहेतच. शिवाय २, ३, ४, ६ आहेत, पण वाक्याने ते नाकारलेले नाहीत. म्हणजे एक अक्षर गळताच १ हून मोठी प्रत्येक संख्या मूळ ठरते. पारंपरिक व्याकरणात 'च' ची गणना शुद्ध शब्दयोगी अव्ययांत होते, कारण तो जोडताना शब्दाचे सामान्यरूप होत नाही. आधुनिक भाषाविज्ञान त्याला निपात म्हणते. नाव काहीही द्या, त्याचे कार्य येथे वगळण्याचे आहे : सांगितले तेवढे, बाकीचे नाही.

'च' कोठे बसतो यालाही महत्त्व आहे. 'दोनच विभाजक असतात' आणि 'दोन विभाजक असतातच' ही वाक्ये ताडून पाहा. पहिले संख्या मर्यादित करते. दुसरे केवळ खात्री देते. निदान दोन तरी असतात एवढेच त्यातून कळते, आणि ते तर १ हून मोठ्या सर्व संख्यांबाबत खरे आहे. बोलताना आपण 'च' चा वापर जोर देण्यासाठी सढळपणे करतो, त्यामुळे लेखनातही तो सैल पडतो. शास्त्रीय गद्यात जोर देण्यासाठी 'च' वापरू नये, असे मी विद्यार्थ्यांना सांगत आलो आहे. 'दोन' हा शब्दही शोभेचा नाही. १ या संख्येला एकच विभाजक आहे, म्हणून १ मूळ नाही. ती संयुक्तही नाही.

येथे संज्ञेविषयीही थोडे. हिंदीत याच संख्यांना 'अभाज्य' म्हणतात. मराठीने 'मूळ' निवडले, कारण इतर सर्व संख्या यांच्या गुणाकारातून घडतात. निवड सुंदर आहे, पण गणितात 'मूळ' आणखी दोन ठिकाणी येते : वर्गमूळ आणि समीकरणाची मुळे. गोंधळ फारसा होत नाही, कारण व्याकरण तो टाळते. समीकरणाचे मूळ हे नाम आहे आणि ते 'मुळाला', 'मुळांची' असे चालते. मूळ संख्येतील 'मूळ' हे विशेषण असून ते बदलत नाही; आपण 'मूळ संख्येला' म्हणतो, 'मुळा संख्येला' म्हणत नाही.

५.४ 'तर' आणि 'तरच'

म(न) या रूपाच्या संख्या मूळ केव्हा असतात? घातांक संयुक्त असेल तर त्या निश्चित मूळ नसतात. द्विमान पद्धतीत पाहिले की कारण कळते. म(६) म्हणजे १११११११ नव्हे, तर सहा एक : ११११११. त्यांचे तीन-तीनचे दोन गट पडतात, म्हणून या संख्येला १११ ने, म्हणजे ७ ने, भाग जातो. दोन-दोनचे तीन गट पडतात, म्हणून ११ ने, म्हणजे ३ नेही जातो. आणि खरेच, म(६) म्हणजे ६३. ३१ एकांचे असे समान गट पाडता येत नाहीत.

यावरून म्हणता येते : घातांक मूळ असेल तरच म(न) मूळ असू शकते. याचेच 'घातांक मूळ असेल तर म(न) मूळ असते' असे रूपांतर करण्याचा मोह अनेकांना झाला आणि ते खोटे आहे. ११ मूळ आहे, पण म(११) म्हणजे २०४७, आणि २०४७ = २३ × ८९. 'तरच' आवश्यक अट सांगतो, 'तर' पुरेशी अट सांगतो. दोन्ही वाक्यांत संज्ञा त्याच, क्रम तोच. फरक पुन्हा त्याच एका अक्षराचा.

आवश्यक अट पूर्ण झाल्यावर पुढे प्रत्येक संख्या स्वतंत्रपणे तपासावी लागते. १६४४ साली फ्रेंच धर्मोपासक मारँ मेर्सेन यांनी २५७ पर्यंतच्या घातांकांपैकी म(न) मूळ ठरणाऱ्या घातांकांची यादी जाहीर केली : २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७, २५७. आज या रूपाच्या मूळ संख्या त्यांच्याच नावाने ओळखल्या जातात, परंतु यादीत पाच चुका आहेत. ६७ आणि २५७ तेथे नकोत. ६१, ८९ आणि १०७ हवे होते. ३१ बरोबर आहे. मात्र मेर्सेन यांच्यापाशी त्याची सिद्धता नव्हती.

५.५ नकाराची सिद्धता

३१ चा दावा मेर्सेन यांच्याही आधीचा आहे. इटलीतील पिएत्रो काताल्दी यांनी म(१७) आणि म(१९) या संख्या भागाकार करकरून मूळ असल्याचे दाखवले. तेथपर्यंत ते पक्क्या जमिनीवर होते. पुढे त्यांनी २३, २९, ३१ आणि ३७ या घातांकांबाबतही तसेच विधान केले. फर्मा यांनी १६४० मध्ये २३ आणि ३७ चे, तर ऑयलर यांनी १७३८ मध्ये २९ चे विधान खोडले. म(२३) खोडण्यास एक ओळ पुरते : ८३,८८,६०७ = ४७ × १,७८,४८१. काताल्दींच्या चार विधानांपैकी ३१ चे तेवढे खरे ठरले. पण खरे ठरलेले विधान आणि सिद्ध केलेले विधान एक नव्हे. ज्या विश्वासाने काताल्दींनी २३ विषयी लिहिले त्याच विश्वासाने ३१ विषयीही लिहिले होते. वाक्याकडे पाहून त्यांतले खरे कोणते हे वाचकाला ओळखता आले नसते.

म(३१) मूळ आहे हे सिद्ध करणे म्हणजे काय? तिला अन्य एकाही संख्येने भाग जात नाही असे दाखवणे. हे नकारार्थी विधान आहे आणि मराठीत ते जपून मांडावे लागते. 'या संख्येला सगळ्या लहान मूळ संख्यांनी भाग जात नाही' हे वाक्य पाहा. त्याचा एक अर्थ, एकीनेही जात नाही. दुसरा अर्थ, काहींनी जातो पण सगळ्यांनी नाही. दुसऱ्या अर्थाने हे वाक्य १० बाबतही खरे आहे. नकार 'सगळ्या' या शब्दावर पडतो की क्रियापदावर, हे वाक्य सांगत नाही. 'एकाही लहान मूळ संख्येने भाग जात नाही' असे म्हटले की संदिग्धता संपते. येथील 'ही' म्हणजे 'सुद्धा' नव्हे. 'एक' आणि नकार यांच्यामध्ये बसून तो सर्व शक्यता व्यापतो.

पण सर्व शक्यता तपासायच्या कशा? पहिली सवलत सोपी आहे. विभाजक जोडीने येतात. जोडीतील दोन्ही संख्या ४६,३४० पेक्षा मोठ्या असतील तर त्यांचा गुणाकार निदान ४६,३४१ चा वर्ग, म्हणजे २,१४,७४,८८,२८१ होईल, आणि तो आपल्या संख्येहून मोठा आहे. म्हणून ४६,३४० पर्यंत शोधणे पुरे. तरीही हजारो मूळ संख्या उरतात.

दुसरी सवलत खोल आहे. म(३१) चा कोणताही मूळ विभाजक असलाच, तर त्याला ६२ ने भागल्यास बाकी १ उरली पाहिजे. आणि ८ ने भागल्यास बाकी १ किंवा ७ उरली पाहिजे. याची सिद्धता गणिताच्या पुस्तकात पाहावी; येथे म(११) वर पडताळा घेऊ. तेथे ६२ ऐवजी ११ ची दुप्पट २२ घ्यायची. २३ म्हणजे २२ अधिक १. ८९ म्हणजे २२ ची चौपट अधिक १. ८ ने भागल्यास २३ ची बाकी ७ आणि ८९ ची १. नियम जुळतो. आता म(३१) साठी दोन्ही अटी एकत्र केल्या तर विभाजकाला २४८ ने भागल्यावर १ किंवा ६३ हीच बाकी उरू शकते. ४६,३४० पर्यंत अशा संख्या किती? १ बाकीच्या (१ सोडून) १८६ आणि ६३ बाकीच्या १८७. खुद्द ६३ मूळ नसल्याने ती वगळली की ३७२. त्यांतीलही अनेक संयुक्त आहेत. पहिली मूळ संख्या ३११ : तिने भागल्यास बाकी ३५. पुढची १३०३ : बाकी २२६. असे करीत शेवटापर्यंत जायचे.

लेओनार्ड ऑयलर यांनी १७७२ मध्ये सेंट पीटर्सबर्ग येथे हाच मार्ग वापरून म(३१) मूळ असल्याचे जाहीर केले. त्या काळात त्यांची दृष्टी जवळजवळ पूर्ण गेली होती. कोठेही भाग गेला नाही. 'कोठेही' या शब्दामागे येथे खरोखर केलेले भागाकार आहेत, आणि काताल्दी व ऑयलर यांच्या एकाच आशयाच्या वाक्यांत फरक आहे तो हाच.

स्वतःस तपासा : 'या वर्गातील सगळे विद्यार्थी उत्तीर्ण झाले नाहीत' या वाक्याचे दोन अर्थ कोणते? प्रत्येक अर्थ निःसंदिग्धपणे सांगणारी दोन वाक्ये वहीत लिहा आणि मगच पुढे वाचा.

५.६ दाखवणे आणि सांगणे

संख्या संयुक्त आहे हे दाखवता येते. ती मूळ आहे हे सांगावे लागते. याचे प्रसिद्ध उदाहरण मेर्सेन यांच्या यादीतील ६७ चे. एदुआर ल्यूका यांनी १८७६ मध्ये म(६७) मूळ नसल्याचे सिद्ध केले होते, पण तिचे विभाजक कोणालाच माहीत नव्हते. ऑक्टोबर १९०३ मध्ये न्यूयॉर्क येथे अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या सभेत फ्रँक नेल्सन कोल यांनी ते मांडले :

१४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७ = १९,३७,०७,७२१ × ७,६१,८३,८२,५७,२८७

कोल म्हणे फळ्यापाशी गेले, एका बाजूला २ चा ६७ वा घात करून त्यातून १ वजा केला, दुसऱ्या बाजूला हा गुणाकार मांडला, दोन्ही उत्तरे जुळली आणि ते एक शब्दही न उच्चारता जागेवर जाऊन बसले.

या वाक्यातील 'म्हणे' मी हेतुपूर्वक ठेवला आहे. हा प्रसंग पुढे एरिक टेंपल बेल यांनी लिहून प्रसिद्ध केला, आणि बेल गोष्ट रंगवून सांगण्याबद्दल ओळखले जातात. 'म्हणे' हा शब्द माहितीचा स्रोत स्वतःचा नसल्याचे सुचवतो. शास्त्रीय मराठीत त्याला गावंढळ समजून टाळतात. मला तो अत्यंत प्रामाणिक शब्द वाटतो. गुणाकाराला 'म्हणे' लागत नाही, तो कोणीही करून पाहावा. मौनाच्या गोष्टीला मात्र लागतो.

कोल यांना शब्दांची गरज पडली नाही, कारण त्यांचे विधान होकारार्थी होते : असे दोन विभाजक आहेत, हे पाहा. ऑयलर यांना असे करता आले नसते. 'नाही' फळ्यावर दाखवता येत नाही. सर्व शक्यता संपल्या हे पटवण्यास 'म्हणून', 'अन्यथा', 'एकही', 'तरच' यांची साखळी लागते, आणि ती भाषेतच बांधावी लागते.

५.७ मूळपणाचा उपयोग

मूळ असलेल्या म(न) पासून परिपूर्ण संख्या मिळतात, म्हणजे स्वतःखेरीज इतर विभाजकांच्या बेरजेइतक्या असलेल्या संख्या. २८ = १ + २ + ४ + ७ + १४; आणि २८ = ४ × ७, जेथे ७ म्हणजे म(३). युक्लिड यांचा हा नियम म(३१) ला लावला की २३,०५,८४,३०,०८,१३,९९,५२,१२८ ही परिपूर्ण संख्या येते. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'तील स्थानांची नावे परार्धापर्यंत, म्हणजे अठराव्या स्थानापर्यंत जातात. ही संख्या एकोणीस अंकी आहे; ती वाचायची तर 'तेवीस परार्ध' अशी सुरुवात करावी लागेल.

इंग्रज गणिती पीटर बार्लो यांनी १८११ मधील आपल्या ग्रंथात या परिपूर्ण संख्येविषयी लिहिले की याहून मोठी कधी सापडणार नाही, कारण अशा संख्या कुतूहलाच्या असल्या तरी उपयोगाच्या नाहीत आणि पुढची शोधण्याचे कष्ट कोणी घेणार नाही. हे भाकीत संख्यांविषयी नसून माणसांविषयी आहे, हे त्यातील कारणावरून कळते. १८७६ मध्ये ल्यूका यांनी ३९ अंकी म(१२७) मूळ असल्याचे सिद्ध केले. ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेल्या मूळ संख्येचा घातांक १३,६२,७९,८४१ असून तिच्यात ४,१०,२४,३२० अंक आहेत. पानावर २००० अंक छापले तरी साडेवीस हजार पाने लागतील.

उपयोगाबाबतही बार्लो यांचा अंदाज चुकला, आणि तो खुद्द म(३१) च्या बाबतीत. संगणकाला यादृच्छिक भासणाऱ्या संख्या हव्या असतात. त्यासाठीची एक रीत अशी : हाती असलेल्या संख्येला ठरावीक गुणकाने गुणा, ठरावीक भाजकाने भागा, बाकी ठेवा, तीच पुढची संख्या. लहान उदाहरण घ्या. गुणक ३, भाजक ७, आरंभ १ : मग १, ३, २, ६, ४, ५ आणि पुन्हा १. शून्य सोडून सातखालची एकही संख्या सुटली नाही. आता भाजक ८ घ्या : १, ३, १, ३. साखळी दोन पावलांत संपली. गुणक बदलून पाहा, आठाबरोबर सातही संख्या कधीच मिळणार नाहीत. भाजक मूळ असेल तरच शून्याखेरीज सर्व बाक्या मिळू शकतात. भाजक मूळ आहे एवढे मात्र पुरत नाही, गुणकही योग्य निवडावा लागतो.

१९८८ मध्ये पार्क आणि मिलर यांनी किमान मानक म्हणून जी रीत पुरस्कारली तिचा भाजक २,१४,७४,८३,६४७ आणि गुणक १६,८०७, म्हणजे ७ चा पाचवा घात, हा आहे. १ पासून निघा : १६,८०७; मग २८,२४,७५,२४९; मग १,६२,२६,५०,०७३. असे दोन अब्जांहून अधिक पावले चालत गेल्यावर, एकही संख्या न वगळता आणि एकही दोनदा न येता, साखळी १ वर परतते. आज याहून सरस रीती उपलब्ध आहेत, पण दीर्घकाळ ही रीत प्रचारात होती. ५.२ मध्ये पाहिलेला कालमापनाचा प्रश्न संख्येच्या आकारमानाचा होता. हा उपयोग मात्र ऑयलर यांनी ज्या 'एकही नाही'ची खात्री करून घेतली, त्यावर उभा आहे.

५.८ सरावासाठी स्वाध्याय

पहिला प्रश्न. 'अर्जासोबत मूळ कागदपत्रे जोडावीत' या सूचनेत 'च' तीन वेगवेगळ्या ठिकाणी घालून तीन वाक्ये करा. प्रत्येक वाक्य अर्जदाराला काय करण्यास भाग पाडते आणि काय करण्यापासून रोखते, ते लिहा.

दुसरा प्रश्न. आपल्या परिसरातील एखाद्या जाहीर फलकावरील नकारार्थी वाक्य उतरवून घ्या. त्यातील नकार कोणत्या शब्दावर पडतो हे ठरवा; दोन अर्थ निघत असल्यास वाक्य पुन्हा लिहा.

तिसरा प्रश्न थोडा वेळ घेईल, पण तो टाळू नये. म(१३) म्हणजे ८१९१. ती मूळ असल्याची सिद्धता दहा-बारा वाक्यांत, शुद्ध मराठी गद्यात लिहा. ९० चा वर्ग ८१०० आणि ९१ चा वर्ग ८२८१ आहे. विभाजकाला २६ ने भागल्यास बाकी १, आणि ८ ने भागल्यास बाकी १ किंवा ७ उरली पाहिजे, हा नियम गृहीत धरण्यास हरकत नाही. तपासण्याजोगी एकच संख्या, ७९, का उरते ते स्पष्ट करा. तिने भागल्यास बाकी ५४ येते. सिद्धता लिहून झाल्यावर आपल्या वाक्यांतील प्रत्येक 'च', 'ही' आणि 'तरच' अधोरेखित करा, आणि तो काढल्यास कोणते वाक्य खोटे पडते ते समासात नोंदवा.